उशिरा येणाऱ्यांची जागा

वसई, ९ सप्टेंबर २०२३

दादा,

आई बरी आहे. कुरिअरचं पाकीट बघून तुझ्या मनात पहिलं तेच येईल म्हणून आधी हे लिहिते. गुडघे सोडले तर बाकी काही तक्रार नाही. रविवारी तुझ्याशी फोनवर बोलली की पुढचे दोन दिवस खुशीत असते.

मेसेज करता आला असता. पण मेसेज वाचला गेला हे लगेच कळतं, आणि वाचूनही उत्तर आलं नाही की मी फोन उलटा ठेवून काम करत बसते. पत्राचं तसं नसतं. तू ते वाचलंस की गाडीच्या डिकीत टाकून दिलंस, हे तिकडून, ओमानातल्या सोहारहून, इथे कळायला मार्ग नाही. ते बरं.

सांगायचं ते असं की आमच्या ऑफिसला एक काम मिळालंय. तुळिंजच्या पलीकडची स्मशानभूमी पाडून नवी बांधायचीय. जिथे अण्णांना नेलं तीच. तिथल्या जुन्या गावकऱ्यांचा एक ट्रस्ट आहे, त्यांनी बोलावलं. तुला हे आपल्या जुन्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

ट्रस्टचा फोन घेतला ॲन्सेल्मने. तो माझा भागीदार, भुईगावचा. कॉलेजात एका बाकावर होतो, तू त्याला एकदा भेटलायस. वसई गावात एका बेकरीच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. तो, मी आणि रिद्धी नावाची नवी मुलगी. टॉवर आम्ही करत नाही. नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह केलं, एक छोटा दवाखाना केला, गावातल्या होळी बाजारात भाजीवाल्यांसाठी शेड केली. ॲन्सेल्म म्हणाला, ‘विनिता, वसतिगृह झालं, दवाखाना झाला, आता हेही कुणीतरी नीट करायला हवं ना?’ मी हो म्हणाले. त्याला काही सांगितलं नाही.

परवा जागा बघायला गेलो. तसंच आहे सगळं. पत्र्याची शेड, दोन चौथरे, ओली लाकडं भिंतीला टेकवलेली. बायका अजून गेटबाहेर रिक्षांच्या मध्ये उभ्या राहतात. ॲन्सेल्म टेप घेऊन मापं घेत होता आणि मी लिहून घेत होते. एका चौथऱ्यापाशी तो म्हणाला, ‘टेपचं दुसरं टोक धर.’ मी धरलं. तेवढंच.

अण्णांच्या त्या दिवसाबद्दल मी काही नव्याने सांगणार नाहीये. तू मस्कतच्या विमानतळावरून म्हणालास, ‘मी येईपर्यंत थांबा,’ मी ‘बरं’ म्हणाले, आणि आम्ही थांबलो नाही. तुळिंजमध्ये गुडघाभर पाणी होतं, वीज आदल्या दुपारपासून गेलेली होती, हे तुला माहीत आहे. निर्णय माझा होता. तू संध्याकाळी घरी आलास, ‘मग “बरं” का म्हणालीस?’ एवढंच विचारलंस, आणि तेराव्यापर्यंत एका घरात राहून माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. नंतरही नाही.

काम सोडावं असं तुला वाटत असेल तर तसं कळव. सोडेनच असं नाही. पण कळव.

विनिता


वसई, १७ डिसेंबर २०२३

दादा,

तुझं काही उत्तर आलं नाही, तेव्हा काम सोडलेलं नाही.

आम्ही कुठलीही इमारत करायची तर आधी ती वापरणाऱ्यांना बोलावतो. यावेळी कोणाला बोलवायचं हाच प्रश्न होता. वापरणारे तर बोलायला येणार नाहीत, असं रिद्धी म्हणाली आणि मग स्वतःच जीभ चावून बसली. शेवटी शाळेच्या एका वर्गात बैठक ठेवली, आणि वर्ग भरला.

ट्रस्टचे नरहरीकाका पहिल्या बाकावर होते. गावातले जुने, सत्तरी उलटलेले. नकाशा बघून म्हणाले, ‘बाई, हे जोतं आनखी वर घ्या. पानी इथवर येतं,’ आणि स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. ते आम्ही लगेच मानलं. लाकूड कमी लागेल अशी जाळी, धुरासाठी उंच चिमणी, एक गॅसची दाहिनी, पाडलेल्या इमारतींच्या जुन्या विटा वापरणं, यावरही फार वाद झाला नाही. वाद झाला तो बायकांसाठी बसायला ओसरी कशाला, यावर.

‘आमच्यात बाया येत नाय तिथे,’ काका म्हणाले.

मागून एक बाई उठल्या. स्वप्ना कदम. बँकेत आहेत, तुळिंजला आपल्या जुन्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत राहतात. म्हणाल्या, ‘येतात काका. बाहेर उभ्या राहतात. तुम्ही आत असता, तुम्हाला दिसत नाहीत.’

ओसरी राहिली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. पहिल्या आराखड्यात ॲन्सेल्मने एक छोटी खोली काढली होती, थंडाव्याची. नातेवाईक लांबून येणार असतील तर तोवर देह ठेवायला. त्यांच्या ख्रिस्ती लोकांत ही रीतच आहे. ‘आमच्याकडे लेक कॅनडातून निघाली की फादर तिच्या विमानावरून मिस्साची वेळ ठरवतात,’ तो म्हणाला. ‘तुमच्यातच एवढी घाई का असते?’

मी ती खोली खोडली. त्याने पुन्हा काढली. मी पुन्हा खोडली. तेव्हा त्याने विचारलं, ‘का?’ मी म्हटलं, जागा नाही. त्याने मोजून दाखवलं की जागा आहे. मी म्हटलं, मग विजेचा खर्च कोण करणार. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘ठीक आहे, नको.’

बैठक संपताना स्वप्नाताईंनी हात वर केला. म्हणाल्या, नकाशात एक गोष्ट राहिलीय. त्यांचे मिस्टर गेले तेव्हा मुलगा बोटीवर होता. बोट कोचीला लागून तो घरी पोचेपर्यंत यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या. बर्फ वितळत होता आणि पाणी जिन्यावरून खाली जात होतं. ‘खालच्या बाईंनी प्रत्येक पायरीवर पोती टाकली,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना राग आला होता, पण बोलल्या नाहीत. मी वर बसून त्यांचा पोती पिळायचा आवाज ऐकत होते. अशी वेळ माझ्यानंतर कुणावर येऊ नये, एवढं करता आलं तर बघा.’

ॲन्सेल्मने माझ्याकडे पाहिलंही नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी स्वतः ती खोली काढली. आणि मग त्याला तुझ्याबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत त्याला मला भाऊ आहे एवढंच ठाऊक होतं.

तू हे वाचून चिडशील की तुला बरं वाटेल, मला खरंच कळत नाही. ‘आता सुचलं हिला,’ असंही म्हणशील. म्हण.

आई बरी आहे. थंडीने गुडघे जरा जास्त धरतात.

विनिता


वसई, ३ फेब्रुवारी २०२४

दादा,

हे पत्र निम्मं माझं आहे आणि निम्मं आईचं. आईचं खाली आहे. पण आधी माझं वाच, नाहीतर तिचं कुठून आलं ते कळणार नाही.

स्मशानाशेजारी आता एक सोसायटी झालीय. सात मजली. स्मशान आधीचं, ती नंतरची. त्या लोकांनी ते बघूनच घरं घेतली. चिता चालतात त्यांना. आमची खोली चालत नाही. रिद्धीने नकाशावर ‘शवागार’ असं लिहिलं होतं, तिथून सगळं सुरू झालं. आम्ही ते बदलून ‘विसावा कक्ष’ केलं, तर लोक आणखीनच चिडले. फसवतोय असं वाटलं त्यांना. त्यांचं चुकलं नाही.

त्यांचा सेक्रेटरी आयुष म्हणून आहे, तिशीतला मुलगा. तो ऑफिसात आला. मला वाटलं भांडायला आला असेल, पण तो खुर्चीवर अवघडून बसला. म्हणाला, ‘मॅडम, पर्सनली माझा काही प्रॉब्लेम नाही. पण माझी बायको प्रेग्नंट आहे. तिची आई म्हणते, तिकडे बॉडी ठेवणार असतील तर मी मुलीला माहेरी घेऊन जाते. मी काय सांगू तिला?’ मी म्हटलं, भिंत उंच करू, दार पलीकडून देऊ. तो म्हणाला, ‘दिसण्याचा इशू नाहीये मॅडम. आत कोणीतरी आहे हे माहीत असतं ना.’

मी त्याच्यासाठी चहा मागवला.

ट्रस्टची सभा पुढच्या आठवड्यात आहे. सोमवारी दुपारी मी नकाशा घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. आई पलीकडे वाल सोलत बसली होती. तिने विचारलं, हे काय? मी ओसरी दाखवली, चिमणी दाखवली. तिने त्या खोलीवर बोट ठेवलं. मी सांगितलं.

‘कोणासाठी?’

‘उशिरा येणाऱ्यांसाठी.’

तिने टोपलं बाजूला सारलं आणि म्हणाली, ‘जितूला कळव सगळं. मी सांगते तसं लिही. मध्ये बोलू नकोस.’

तर हे तिचं. एकही शब्द माझा नाही.

जितू, अनेक आशीर्वाद.

अण्णांच्या वेळी थांबायचं नाही असं मी म्हणाले होते. विनी थांबू म्हणत होती. तुझे काका पण म्हणत होते, दुपारपर्यंत बघू. मी नाही म्हणाले. विनी माझ्याशी भांडली, स्वयंपाकघरात येऊन रडली, तरी मी ऐकलं नाही. मग कोणीतरी करायला हवं म्हणून तिने अग्नी दिला.

घरात वीज नव्हती. खिडक्या उघडल्या तर खालच्या पाण्याचा वास आणि बंद केल्या तर जीव घुसमटायचा. त्या माणसाने जन्मात इस्त्रीशिवाय शर्ट घातला नाही. पहाटेपासून त्यांच्या चेहऱ्यात फरक पडायला लागला होता. तो मला दिसत होता, अजून बाकीच्यांना दिसत नव्हता. तो लोकांना दिसावा हे मी होऊ देणार नव्हते. आणि तुला तर नाहीच. तू त्यांना गणपतीत पाहिलं होतंस, ढोलकीवाल्याला ताल चुकला म्हणून ओरडताना. तेच तुझ्याजवळ राहू दे म्हटलं.

तुझा हक्क मी घेतला असं तू म्हणशील. घेतला. मी त्यांची बायको होते, आणि त्या खोलीत त्यांच्याजवळ मी होते. पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करीन.

पण तुला सांगितलं नाही, ते चुकलं. तू आलास, विनीवर रागावलास, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, खरं सांगितलं तर हा माझा पण फोन बंद करेल. विनी सोसेल असं वाटलं. ती लहानपणापासून सोसतेच, म्हणून तिच्यावर टाकलं. आईने असं करू नये.

आता एक. माझ्या वेळी मला त्या खोलीत ठेवू नका. ज्याला यायचं असेल त्याने आधी यावं. मी कोणाची वाट बघत पडून राहणार नाही.

तुझी आई

एवढं लिहून झाल्यावर तिने मला ते वाचून दाखवायला लावलं, एके ठिकाणी ‘घुसमटायचा’ बरोबर लिहिलंय का विचारलं, आणि वाल शिजत टाकायला निघून गेली.

दादा, तिने मला कधीच गप्प राहायला सांगितलं नव्हतं. तू घरात आलास, माझ्याकडे बघून विचारलंस, मी तिच्याकडे पाहिलं, ती खाली बघत होती. मग मीच ‘माझं चुकलं’ म्हणाले. तेव्हा वाटलं की दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. नंतर सांगायचं म्हटलं तर तुझा तिच्याशी होणारा रविवारचा फोन आड यायचा. फोन झाला की ती गुडघे विसरून सगळ्या घरभर फिरते. तो फोन मी कसा बंद पाडणार होते?

मला तिचा राग आला का? आला. सोमवारी आला. आज तेवढा नाही.

विनी


वसई, २ मार्च २०२४

प्रिय दादा,

तुझी मेल आली. मी ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचली, बेकरीतला माणूस दोनदा म्हणाला, ताई, बाजूला व्हा, ट्रे न्यायचाय.

तू त्या रविवारी आईला फोन केला नाहीस आणि त्याच्या पुढच्या रविवारी केलास. मधला आठवडाभर आई फोन चार्जिंगला लावून ठेवायची. तुमचं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पण त्या दिवशी तिने दोघींसाठी साखरभात केला.

तू लिहिलंयस ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तुझं विमान उशिरा आलं. तूच तसं म्हणाला होतास. तू विमानतळावरून थेट स्मशानात गेलास, हे तू त्या तेरा दिवसांत कुणालाच सांगितलं नाहीस. आईलाही नाही. अख्ख्या घराला एकेक गोष्ट लपवायची होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच तेवढी लपलेली आहे.

तू लिहिलंयस की तिथे एक माणूस चौथऱ्यावर पाणी मारत होता आणि तो म्हणाला, ‘झालं साहेब, मंडळी गेली.’ तुला थोडं थांबायचं होतं. सगळीकडे चिखल, बॅग खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून तू ती खांद्यावर घेऊनच उभा राहिलास. मग दुसरी मंडळी आली, त्यांच्या गर्दीत तू कोणाचा कोण असं होऊन गेलं, आणि तू बाहेर पडलास. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा घेऊन बसलास, अंधार पडेपर्यंत. ‘मला वाटतं मी तुझ्यावर चिडलो नव्हतो, मला तिथून हाकलल्यासारखं झालं होतं,’ असं तू लिहिलंयस. दोन्ही असेल, दादा. चिडला होतास तू, मी बघितलंय.

खोलीचं सांगायचं राहिलं. ती गेली. ट्रस्टच्या सभेत हात वर झाले आणि ती पडली. स्वप्नाताईंनी जीव तोडून बाजू मांडली, नरहरीकाका ऐनवेळी आमच्या बाजूने आले, तरी पडली. ॲन्सेल्मला कोर्टात जाऊन भांडायचं होतं. मी म्हटलं, नको. आयुषच्या बायकोला तिथे वर्षानुवर्षं राहायचंय. ॲन्सेल्म दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. भुईगावला घरी फोन करून त्यांच्या बोलीत माझ्याबद्दल काहीतरी म्हणत होता, मला निम्मं कळलं.

पण तुझी मेल वाचल्यावर मी वर गेले आणि दुसरंच काढायला बसले. खोली असती तरी तिचा उपयोग ज्यांच्यासाठी लोक थांबले त्यांनाच झाला असता. ज्यांच्यासाठी थांबता आलं नाही त्यांचं काय? असे लोक तर जास्तच असणार. आमच्या नकाशात सगळ्यांसाठी जागा होती: खांदा देणाऱ्यांसाठी, भटजींसाठी, बायकांसाठी, लाकडांसाठी. सगळं संपल्यावर येणाऱ्यासाठी नव्हती.

चौथऱ्यांच्या मागच्या बाजूला, जुन्या चिंचेकडे, एक कोपरा आहे. तिथे छप्पर पुढे आणता येईल. पाठ टेकायला भिंत, बसायला कट्टा, बॅग ठेवायला त्याहून उंच दुसरा कट्टा, आणि एक नळ. यायला वेगळी वाट, म्हणजे दुसरी मंडळी आत असली तरी त्यांच्यातून जावं लागणार नाही. याला कुणी हरकत घेणार नाही. कट्ट्याला कोण हरकत घेतं?

एक मात्र मला ठरवता येत नाही. तिथे बसलेल्या माणसाला चौथरा दिसावा का? ॲन्सेल्म म्हणतो, नको, तेव्हा तिथे दुसऱ्याच कुणाची चिता असेल. रिद्धी म्हणते, दिसला नाही तर तो तिथे बसेलच कशाला. मी दोन्ही काढून पाठवतेय. तू सांग.

तुझी विनी


वसई, ११ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

काम पुन्हा सुरू झालं. पावसाच्या आधी जोतं झालं होतं ते बरं, यंदा पाणी आलं आणि जोत्याखालून मुकाट निघून गेलं. काकांनी स्वतः जाऊन पाहिलं आणि मला फोन करून एवढंच म्हणाले, ‘बाई, गेलं पानी.’

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलंय: चौथरा दिसावा, पण समोर नको, मान वळवली तर दिसावा. त्यासाठी कट्टा जरा तिरका घेतला. गवंडी म्हणाला, लाइन चुकलीय ताई. त्याला समजावलं.

विटा नायगावकडे पाडलेल्या एका चाळीच्या मिळाल्या. काहींवर अजून निळा रंग आहे. ॲन्सेल्म म्हणतो, घासू नका, राहू दे. गॅसच्या दाहिनीचं अडलंय, परवानगीचं काहीतरी. तोवर नव्या जाळीवर काम चालेल, लाकूड बऱ्यापैकी कमी लागतं. काकांना आधी पटत नव्हतं. ‘लाकूड कमी म्हंजे मानूस अर्धा ऱ्हायचा,’ म्हणायचे. ॲन्सेल्मने त्यांना दुसऱ्या गावी नेऊन अशी जाळी दाखवून आणलं. परत आल्यावर त्यांनी घरी सांगून ठेवलंय म्हणे, मला त्याच्यावरच न्या.

आयुषला मुलगी झाली. पेढे घेऊन आला होता. जाताना गच्चीवरून काढलेला आमच्या साइटचा फोटो दाखवला. म्हणाला, ‘वरून छान दिसतं, मॅडम.’ जरा लाजलाच.

आई तू पाठवलेली गुडघ्याची पट्टी लावते, पण तू फोन करतोस तेव्हाच. मी हे तुला सांगितलं हे तिला सांगू नकोस.

येणार येणार म्हणतोस ते कधी? आईने काय लिहून घेतलं होतं ते आठवतंय ना.

तुझी विनी


वसई, १८ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

तू पोचल्याचा फोन आला तेव्हा आई झोपली होती. उठल्यावर सांगितलं. ‘विमानात काय दिलं खायला?’ हा तिचा पहिला प्रश्न.

पंधरा दिवस तू इथे होतास आणि आपण काम, मुलांच्या परीक्षा आणि आईचं ऑपरेशन करावं की नको, यावरच बोललो. मला वाटत होतं तू आलास की आपण बसून ते सगळं बोलू. नाही बोललो. एकदा मी सुरुवात केली तर तू म्हणालास, ‘विनी, चहा टाक ना जरा.’ मग लक्षात आलं की पत्रात झालं होतं ते बोलून. आपण दोघं पत्रातच बरे.

म्हणून शेवटच्या दिवशीचं लिहून टाकते, त्यातलं तुला माहीत नसलेलं तेवढंच.

दुपारी जेवण झाल्यावर तू म्हणालास, तुमची ती जागा बघून येऊ. मी गाडी काढली. वाटेत आपण तुळिंजच्या बाजारातून गेलो आणि तू आपली जुनी बिल्डिंग ओळखलीच नाहीस, रंग बदलला म्हणून. स्मशानाच्या गेटपाशी मी मुद्दाम म्हटलं, तू हो पुढे, मला एक फोन करायचाय. कुणाला फोन करायचा नव्हता. मी ओसरीवर जाऊन बसले.

तिथे स्वप्नाताई होत्या. त्या आता ट्रस्टवर आहेत. खोली झाली नाही, पण त्यांनी ट्रस्टला एक थंडाव्याची पेटी घ्यायला लावली, ॲन्सेल्मच्या चर्चमध्ये असते तशी, घरी नेता येते अशी. ती कोणाच्या घरी जाणार होती, त्या टेम्पोची वाट बघत होत्या. त्यांनी विचारलं, ‘कोण आलंय?’ म्हटलं, भाऊ. ‘ते ओमानवाले?’ म्हटलं, हो. त्यांनी पिशवीतून पेरू काढून मला अर्धा दिला. टेम्पो आला तेव्हा पेटी चढवायला मी एका बाजूने हात लावला. जड असते.

तुला बराच वेळ लागला. ओसरीवरून तुझा कोपरा दिसत नाही, ते आम्ही मुद्दामच तसं केलंय. एका चौथऱ्यावर विधी चालू होता, जवळच्या वाडीतले कोणी होते. त्यांच्यातल्या एका बाईने आत जाण्याआधी माझ्या शेजारी चपला काढून ठेवल्या आणि म्हणाली, बघा हं जरा. मी बघत बसले.

मग तू आलास. तुझे डोळे लाल होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता. मला वाटलं तू काहीतरी म्हणशील. तू म्हणालास, ‘विनी, तिथे ऊन येतं.’

मी म्हटलं, ‘छप्पर आहे की.’

‘दुपारी येतं. खालून, तिरकं. सकाळी नसेल येत.’ आणि गाडीत बसल्यावर म्हणालास, ‘उशिरा येणारा दुपारीच येतो गं.’

दादा, आम्ही तिघांनी तो कोपरा शंभर वेळा काढला असेल. ॲन्सेल्मने सावल्या काढून बघितल्या होत्या, पण सकाळच्या. बहुतेक विधी सकाळी होतात म्हणून. काल त्याला सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून बसला. मग लगेच रिद्धीला घेऊन तिकडे गेला. चिंचेची सावली तिथवर पोचत नाही. छप्पर अजून वाढवलं तर चिमणीच्या वाटेत येतं. सध्या बांबूची चटई बांधून बघतोय, आणि पश्चिमेला जाळीची भिंत घ्यायची का यावर दोघांचं भांडण सुरू आहे. तुझं काही मत असेल तर लवकर कळव, नाहीतर हे दोघं काहीतरी करून मोकळे होतील.

तुला विमानतळावर सोडून मी घरी आले तेव्हा आई गॅलरीत बसली होती. तिला माहीत होतं आपण दुपारी कुठे गेलो होतो. मी सांगितलं नव्हतं, तू सांगितलं असशील, किंवा तिला नुसतंच कळलं असेल. ऑपरेशनला ती हो म्हणालीय, हेही तिने तेव्हाच सांगितलं, तू गेल्यावर. उन्हाळ्यात करू म्हणते, जितूला तेव्हा परत येता येईल.

मी तिच्या शेजारी बसले. तिने विचारलं, ‘जागा बघून काय म्हणाला?’

‘काही नाही. तिथे ऊन लागतं म्हणाला.’

आईने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

‘म्हणजे बसला होता,’ ती म्हणाली.

तुझी विनी